ड्राय बाल्कनीत ओला दगड

वाचकाचं पत्र:

मी मार्चमध्ये निवृत्त झालो. बत्तीस वर्षं सातपूर एमआयडीसीत, त्यातली शेवटची पंधरा टूल रूममध्ये. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. दिवाळीत नातवाला सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवायला नेलं आणि तेव्हापासून डोक्यात दगडच शिरले आहेत. मेव्हण्याच्या शेतात विहिरीचं काम झालं, त्या ढिगाऱ्यातून दोन पोती माल आणलाय. पट्टेरी अकीक, पांढऱ्या गारगोट्या, थोडे हिरवे पारदर्शक खडे आणि कापसासारखे पांढरे झुपके असलेले काही तुकडे. स्वयंपाकघराला लागून चार बाय सात फुटांची ड्राय बाल्कनी आहे. तिथे अँगल ग्राइंडर स्टँडला बांधून कटिंग करायचं आणि जुना बेंच ग्राइंडर लावून घासकाम, असा बेत आहे. हिरव्या खड्यांची पेंडंट करून सुनेला द्यायची आहेत. बायको म्हणते, धूळ पिठात जाईल, हे वेड घरात नको. माझं म्हणणं, ग्राइंडिंगची धूळ बत्तीस वर्षं खाल्ली, काही झालं नाही, रुमाल बांधीन. नातू सहा वर्षांचा आहे, त्यालाही शिकवायचंय. सुरुवातीला काय काय घ्यावं?

– एक निवृत्त टर्नर, सिडको, नाशिक

नमस्कार,

वहिनींचं बरोबर आहे. वेडाबद्दल नव्हे, ते वेड मलाही आहे आणि गेली बावीस वर्षं मी त्यात सुखाने नांदते आहे. पण धुळीबद्दल त्यांचं शंभर टक्के बरोबर. तुमच्या बेतातली जागा, मशीन आणि रुमाल, तिन्ही बदलावं लागेल. छंद सोडावा लागणार नाही.

आधी धूळ, कारण बाकी सगळं तिच्यावरून ठरतं. टूल रूममधली तुमची धूळ म्हणजे लोखंडाचा कीस आणि व्हीलची भुकटी. तीही काही औषध नव्हे, पण अकीक, गारगोटी, जास्पर यांची जात वेगळी. हे दगड म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि थरावर थर साचून तुमचा पट्टेरी अकीक झाला. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी बघायचो, तीच ही वस्तू. तिची बारीक धूळ फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. शरीर तिच्याभोवती व्रण धरत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरं करणारं औषध नाही आणि तो झालेल्याला क्षयरोग लवकर गाठतो. सिलिकाच्या या धुळीची कर्करोगकारकांच्या यादीतही पक्की नोंद आहे.

गुजरातेत खंभातला पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासला जातो. तिथले कारागीर घराच्या ओसरीतच मशीन मांडून बसत आणि सिलिकोसिस झालेले लोक त्या गावात घरोघरी निघाले. घासणाऱ्यांना झाला, तसाच त्याच घरात नुसत्या राहणाऱ्यांनाही झाला. म्हणून घरातला पत्ता असलेला प्रत्येक बेत मी जरा दोनदा वाचते. कारखान्यांच्या कायद्यात सिलिकोसिस हा कळवणं सक्तीचं असलेला आजार आहे. पण कारखान्यात तपासायला फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो. ड्राय बाल्कनीत फक्त वहिनी येणार आहेत, आणि त्यांचं तुम्ही ऐकत नाही.

तुम्ही मापाचा माणूस, म्हणून मापात सांगते. अमेरिकेत २०१६ साली कामगारांसाठी जी मर्यादा ठरली ती अशी: एक घनमीटर हवेत श्वासातून आत जाणारी सिलिका आठ तासांच्या सरासरीने ५० मायक्रोग्रॅमच्या वर नको. तुमची बाल्कनी नऊ फूट उंच धरली तर सात घनमीटर हवा. म्हणजे सगळ्या बाल्कनीत मिळून चालेल अशी धूळ ०.३५ मिलिग्रॅम. वजनाने मिठाचे पाच-सहा दाणे. आता तीन बाय चार सेंटिमीटरचा एक काप घ्या, दोन मिलिमीटर जाडीच्या ब्लेडने. त्या एका कापात सहा ग्रॅम दगडाची पूड होते, चहाचा चमचाभर. ती सगळी काही श्वासात जाण्याइतकी बारीक नसते, पण मिठाचे सहा दाणे कुठे आणि चमचा कुठे! बरं, जी घातक असते ती दिसत नाही. उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसतात ते कण जाड, त्यातले बरेचसे नाकातच अडकतात.

रुमालाचं मी अनुभवाने सांगते. छंद लागला त्या पहिल्या हिवाळ्यात मी गच्चीवर एक अकीक मार्बल कटरने कोरडाच कापला. भाड्याने आणलेला कटर, तोंडाला सुती ओढणी दोन पदरी घट्ट बांधलेली, उघडी हवा, जेमतेम दहा मिनिटांचं काम. स्वतःला फार हुशार समजत होते. खाली येऊन ओढणी सोडली तर तिच्या आतल्या बाजूला, बरोबर नाकपुड्यांच्या जागी, दोन पांढरे ठिपके. बाहेरून आत आलेले. दुसऱ्या दिवशी सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या. पानावरून बोट फिरवून मला म्हणाल्या, ‘हे पिठासारखं काय गं?’ तुळस मशीनपासून बारा-पंधरा फुटांवर होती. त्यानंतर मी एकही दगड कोरडा कापलेला नाही, आणि ओढणी तेवढ्यासाठी जपून ठेवलीय.

तेव्हा पहिला आणि खरं तर एकुलता एक नियम: दगडाला मशीन लागलं की तिथे पाणी पडलं पाहिजे. बाल्कनीचं नाव ड्राय असलं तरी दगड ओलाच हवा. टूल रूममध्ये सरफेस ग्राइंडरवर कुलंट बंद करून कोणी जॉब घेतला असता तर तुम्ही त्याला काय बोलला असतात ते मी इथे लिहीत नाही. इथे पाणी हेच कुलंट, आणि ते दगडापेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

म्हणूनच अँगल ग्राइंडर बाद. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. कडेचा वेग काढा, सेकंदाला ५७ मीटर येईल. त्या वेगाला वरून पाणी सोडलं तर ते ब्लेडवर टिकतच नाही, भिरकावलं जातं. पाणी वाहतंय म्हणून आपण निर्धास्त, आणि काप मात्र अर्धा कोरडाच होत असतो. शिवाय ग्राइंडरच्या बॉडीला हवेची भोकं असतात, आतल्या वाइंडिंगवर ओला चिखल उडणार आणि ते धूड तुम्ही हातात धरणार. स्टँडला बांधल्याने यातलं काहीच बदलत नाही. बेंच ग्राइंडरही नको. त्याचं करडं व्हील लोखंडासाठी असतं. अकीक त्यावर कोरडा धरला की तापून तडकतो, व्हील गुळगुळीत होऊन नुसतं घासत बसतं आणि मधल्या मध्ये धूळ तुमच्या तोंडासमोर. तो ग्राइंडर तुमच्या हत्यारांना धार लावायला ठेवा.

त्याऐवजी फरशीवाले वापरतात तो टेबल टाइल कटर घ्या. सात इंची ब्लेड, खाली पाण्याचा ट्रे, मोटर टेबलाखाली. वेग मिनिटाला २९०० च्या आसपास, म्हणजे कडेला सेकंदाला २७ मीटर. ग्राइंडरच्या निम्म्याहून कमी. ब्लेड घेताना खाचा असलेलं घेऊ नका. सलग कडेचं, पातळ, ओल्या कामाचं डायमंड ब्लेड मागा. दात नसलेलं हे ब्लेड कापत नाही, झिजवतं. तेव्हा दगड रेटायचा नाही, नुसता टेकवून धरायचा. आवाज जड झाला की तुम्हाला कळेलच. गोल गोटा मात्र हाताने कधी कापू नका. चकशिवाय जॉब फिरवावा तसंच ते. गोटा ब्लेडमध्ये किंचित वळला तरी ब्लेड आवळतं, आणि मग गोटा उडतो किंवा ब्लेड वाकतं. लाकडाच्या ठोकळ्यावर तो पक्का चिकटवा, एक रात्र वाळू द्या आणि ठोकळा गाइडला टेकवून सरकवा. काही व्हिडिओंत पाण्याऐवजी रॉकेल घालताना दाखवतात. तसलं घरात आणूही नका.

ओलं काम म्हणजे धूळ शून्य, असं मात्र समजू नका. ब्लेडवरून उडणाऱ्या तुषारांतही दगड असतोच. तुषार भिंतीवर, कपड्यांवर वाळले की परत धूळ. म्हणून ओल्या कापालाही मास्क हवाच. एन-९५ चालेल. त्याहून बरा रबरी अर्ध्या तोंडाचा, बदलत्या फिल्टरचा. मिशी चालते, दाढी चालत नाही, कडेने हवा शिरते. मास्क लावून जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर तो नीट बसलेला नाही. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कामाचे कपडे तिथेच उतरवायचे आणि वेगळे धुवायचे. हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातली साखळी हे फिरत्या मशीनजवळ का नको, ते तुम्हाला सांगणारी मी कोण!

आता जागा. खरं सांगते, कापायचं काम त्या बाल्कनीत मला पसंत नाही. एका बाजूला वॉशिंग मशीन, वर वाळत घातलेले कपडे, दाराशी पिठाचा डबा, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडी ठेवायची कुणाची हिंमत होत नाही. पण बत्तीस वर्षं एमआयडीसीत काढलेल्या माणसाचा सातपूर-अंबडमध्ये गाळा असलेला एकही जुना सहकारी नाही, हे मला पटत नाही. महिन्यातून दोन रविवार त्याच्या गाळ्याच्या मागच्या मोरीवर टाइल कटर मांडा, दहा-वीस चकत्या कापून आणा. दोन आठवड्यांचं घासकाम होतं तेवढ्यात. कापण्याचा आवाज, चिखल, तुषार सगळं तिकडे राहील आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणीही वाचतील.

घरात, ड्राय बाल्कनीत, फक्त सावकाश फिरणारं ओलं घासकाम. त्यासाठी फ्लॅट लॅप. ग्रामोफोनसारखी आडवी फिरणारी आठ इंची तबकडी, तिच्यावर डायमंडच्या चकत्या बदलायच्या, वेग कमी-जास्त करता येईल असा. हा तुम्ही स्वतः बनवू शकाल. बेअरिंग, स्पिंडल, पुली तुमच्या हातचा मळ. मोटर मात्र बंद बॉडीची, पाव एचपी पुरते, आणि ती पाण्याच्या पातळीच्या खाली कधी नको. पाण्यासाठी मी मेडिकलमधून आणलेला नवा सलाइनचा सेट वापरते. दोन लिटरची बाटली वर टांगायची, चाकी फिरवून सेकंदाला एक-दोन थेंब तबकडीच्या मध्यावर सोडायचे. पाहुणे आले की विचारतात, पेशंट कुठाय? पण इतकी नेमकी धार कुठल्याच नळाने येत नाही. पाणी रोज नवीन भरा. साठलेल्या पाण्याला वास येतो आणि तेच पाणी तुषार होऊन तुमच्या नाकाशी येत असतं. घासताना खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद, वाळत घातलेले कपडे आत. थंडीत अंगात स्वेटर चढवा, खिडकी लावू नका.

पाणी आणि वीज एका जागी आली की माझा हात आधी बोर्डाकडे जातो. त्या बाल्कनीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळायला लागली की क्षणात लाइन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय एकही मशीन लावायचं नाही. बरेच जण म्हणतात, एमसीबी आहे की. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबून ट्रिप होतो का बघायचं. अर्थिंग नुसतं तीन पिनांचं सॉकेट पाहून मानू नका, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन पुष्कळदा शोभेचीच असते. मशीनची वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको. आणखी एक, जे तुम्हाला कारखान्यात सवयीचं होतं पण घरी विसरायला होतं: मशीन चालू असताना लाइट गेली, आपण उठून चहा प्यायला गेलो, लाइट आली की मशीन आपोआप सुरू. नो-व्होल्ट रिलीजचा पुश-बटण स्टार्टर लावा, म्हणजे लाइट आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. नातू असलेल्या घरात याला पर्याय नाही.

चिखलाचं माझ्याकडून ऐका, कारण यात माझी बदनामी झालेली आहे. घासकामाचं दुधाळ पाणी मी वर्षभर निवांत मोरीत ओतत होते. एके दिवशी खालच्या मजल्यावरच्यांच्या मोरीतून ते वर आलं. प्लंबरने पाइप कापून दाखवला, आत राखाडी दगड झाला होता. गाळ तळाशी बसतो तो असा घट्ट, सिमेंटसारखा. पाइपचा खर्च मी दिला, आणि खालच्या वहिनी अजून मला ‘सिमेंटवाल्या’ म्हणतात. दोन बादल्या ठेवा. पहिलीत सगळं पाणी, रात्रभर बसू द्या. वरचं निवळलेलं दुसरीत, तिथे आणखी एक दिवस, मग मोरीत. तळाचा गाळ ओला असतानाच जाड पिशवीत भरून, तोंड बांधून घंटागाडीत द्यायचा. वाळू द्यायचा नाही. वाळलेला गाळ म्हणजे जी धूळ पाण्याने पकडली तीच पुन्हा मोकळी सोडणं. कुंडीतही घालू नका, ‘दगडाची माती झाडाला चांगली’ असं म्हणणारे भेटतील.

तुमच्या दोन पोत्यांकडे येते. माल विहिरीच्या ढिगाऱ्यातला आणि तोही मेव्हण्याच्याच शेतातला, हे उत्तम. पांडवलेणीच्या डोंगरावरून मात्र काही उचलू नका, ते संरक्षित स्मारक आहे. आणि चालू खाणीत परवानगीशिवाय शिरू नका, तिथे सुरुंग लागतात.

अकीक आणि गारगोट्या कामाच्या, त्या घ्या. हिरवे खडे बहुधा ॲपोफिलाइट असावेत, आपल्या नाशिकच्या खाणींतले हिरवे ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहेत आणि तो रंग व्हॅनेडियमच्या अंशाने येतो. अंदाज घ्यायचा तर नको असलेल्या तुकड्यावर स्टीलच्या टोकाने ओरखडा काढून बघा. उमटला तर ती गारगोटी नव्हे, बहुधा ॲपोफिलाइटच. गारगोटीवर उमटत नाही. असला खडा कापू नका हो! त्याची कठीणता एक ते दहाच्या मोह मापावर साडेचार-पाच, आणि एका दिशेने तो वहीच्या पानांसारखा सुटतो. तबकडीवर धरला की पेंडंटऐवजी चुरा हातात येईल. शिवाय निसर्गाने आधीच घडवून पॉलिश केलेले पैलू आपण घासायचे तरी कशाला? सुनेला तो आहे तसा छोट्या लाकडी बैठकीवर बसवून द्या. गळ्यात घालायला पट्टेरी अकीकाची चकती जास्त शोभेल आणि पुढची पन्नास वर्षं टिकेल.

कापसाचे झुपके असलेले तुकडे आज, हे वाचून झाल्यावर, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात बंद करा. आपल्याकडे असे झुपके बहुधा मॉर्डेनाइट, स्कोलेसाइट किंवा ओकेनाइट या खनिजांचे असतात. पण एरिओनाइट नावाचं एक तंतुमय झिओलाइटही असतं आणि ते कर्करोगकारक आहे. तुर्कस्तानात कॅपाडोशियातल्या काही खेड्यांत घरं त्या खनिजाच्या दगडातली होती, आणि तिथल्या लोकांना फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग भयंकर प्रमाणात झाला. तुमच्या पोत्यात तेच आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण नुसत्या डोळ्यांनी एक पांढरा तंतू दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. म्हणून झुपक्यांना फुंकर नाही, कोरडा ब्रश नाही, बोटाने कुरवाळणं नाही. काचेआडून बघायचे. पुढे कधी बाजारातून मॅलेकाइट घ्यावासा वाटला तर तोही घरी घासू नका, त्यात तांबं असतं आणि ती धूळ विषारी. मेव्हण्याच्या शेतातला काळा दगड, आपला साधा बेसाल्ट, त्यात मोकळं क्वार्ट्झ फार थोडं असतं. पाट्या-जात्यांना टाकी लावून देणाऱ्यांचं आयुष्य त्या दगडावर गेलं. कापायचा सराव करायचाच तर आधी त्याच्यावर करा, अर्थात ओलाच.

घासायची रीत थोडक्यात. चकतीवर आकार आखायला ॲल्युमिनिअमची तार टोकदार करून वापरा, पेन्सिल पाण्याने पुसली जाते. खडा काडीला चिकटवायला सोनारांकडची लाख. खडा आधी कोमट करा, थंड खड्यावर लाख धरत नाही. तापवायला स्पिरिटचा दिवा चालेल, पण ॲसिटोनची बाटली त्या खोलीतसुद्धा नको. मग १८०, ३२५, ६००, १२००, ३००० अशा नंबरच्या चकत्या (नंबर वाढेल तशी चकती बारीक), आणि शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइडची पातळ पेस्ट. काच पॉलिश करणाऱ्यांकडे ती असते. घाई होते ती ६०० आणि १२०० च्या मध्ये. दर टप्प्याला खडा कोरडा पुसून उजेडात तिरका धरा. ओला असताना प्रत्येक खडा सुंदर दिसतो, ओरखडे वाळल्यावरच कळतात. लाख सोडवायची तर पंधरा मिनिटं बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा, टक्‌ करून सुटतो. भाजीच्या शेजारी नको, डबीत घालून ठेवा. वहिनींचा रोष किती ठिकाणी ओढवून घ्यायचा याला काही सीमा असू द्या.

खरेदीचा क्रम विचारलात. आधी मास्क आणि डोळ्यांचा गॉगल, मग आरसीसीबी, मग फ्लॅट लॅप, टाइल कटर सगळ्यात शेवटी. आणि या सगळ्याच्या आधी छातीचा एक एक्स-रे आणि फुप्फुसांच्या क्षमतेची फुंकायची चाचणी. ‘काही झालं नाही’ हे तुमचं वाक्य कागदावर येऊ द्या. बत्तीस वर्षांची धूळ आहे, तिच्यावर नवीन चढवण्याआधी पाटी कितपत कोरी आहे ते डॉक्टरांना बघू दे, दगडाचा छंद आहे हे त्यांना सांगून. पुढे दरवर्षी तुलना करायला हाच रिपोर्ट कामी येईल. मी दर जानेवारीत करते.

राहिला नातू. मशीन चालू असताना तो बाल्कनीत नको, दाराच्या काचेतूनही नको, कारण काचेतून बघणारं मूल दार उघडतंच. पण त्याच्यासाठी टम्बलर, म्हणजे दगड घोळवून गुळगुळीत करणारा फिरता डबा, आहे, आणि तो तुम्ही एका आठवड्यात बनवाल. दोन दांडे, छोटी मोटर, आतून रबर लावलेला झाकणाचा डबा, मिनिटाला तीस ते पन्नास फेरे. पट्ट्याला जाळीचं कव्हर घाला. डबा दोन तृतीयांश भरायचा, सगळे दगड सारख्याच कठीणतेचे, दगडांच्या वरच्या थराला लागेल इतकं पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड. पहिल्या आठवड्याला ६०-९० नंबरची, दुसऱ्याला १२०-२२०, तिसऱ्याला ५००, चौथ्याला पॉलिशची. दर आठवड्याला दगड आणि डबा असे धुवायचे की आधीच्या पुडीचा एक दाणा राहता कामा नये. तो एक दाणा पुढच्या सगळ्या दगडांना ओरबाडतो. हा यंत्राचा डबा अहोरात्र घरघरतो, म्हणून खाली जाड रबरी मॅट, आणि गावाला जाताना बंद.

दगड निवडणं, रंगाप्रमाणे लावणं, बादलीत धुणं आणि कॅलेंडरवर खुणा करणं हे त्याचं खातं. डबा उघडणं तुमचं. पहिल्या आठवड्यानंतर उघडाल तेव्हा आत नुसता राखाडी चिखल दिसेल आणि तो म्हणेल, आजोबा, हे तर खराब झालं. चिखल त्या दोन बादल्यांतल्या पहिलीत ओता आणि एक दगड धुऊन त्याच्या हातात द्या. कोपरे गेलेले असतील.